‘पहिलं झालंय’ : फुटाळा तलावावर सकाळी कुत्री फिरवणाऱ्या मंडळींस खुलं पत्र

नागपूर, १४ ऑक्टोबर २०२५

मंडळी,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या बहुतेकांना माझं नाव ठाऊक नाही, मलाही तुमची नाहीत. आपली ओळख कुत्र्यांच्या नावावर चालते. मी ‘भुरीचे काका’. तुम्ही ब्रूनोची मम्मी, सिम्बावाले सर, दोन पग घेऊन येणाऱ्या ताई. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि छान चाललंय. म्हणून हे पत्रही कुणा एकाला न लिहिता सगळ्यांनाच लिहितोय. खरं तर ज्याच्याशी बोलायचं होतं, त्याच्यासमोर परवा रविवारी माझं तोंड उघडलं नाही.

तुमच्यापैकी पंधरा-वीस जण तिथं होतेच. एक तरुण पहिल्यांदाच पिल्लू घेऊन आला होता. बदामी रंगाचं, कापसाच्या बोंडासारखं. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी, जन्मलं म्हणून त्याचं आम्हा सगळ्यांना फार कौतुक वाटलं. त्यानं पिल्लू कडेवरून खाली ठेवलं आणि सगळ्यांचे मोबाईल बाहेर निघाले. पिल्लू गवत हुंगत फिरलं. जिथं आपली सगळ्यांची कुत्री आणि तळ्यावरची बिनमालकाची कुत्री रोज सकाळी आपापला ‘हिशेब’ मांडतात, नेमकं तिथं त्यानं जीभ लावली. मी विचारलं, “इंजेक्शनं झाली का?” तो म्हणाला, “हो काका, पहिलं झालंय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि घरी येऊन चहा घशाखाली उतरेना. कारण हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं.

सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्याकडे लॅब्राडोरचं पिल्लू आलं. नात येणार होती, तिच्यासाठी. नाव आधीच ठरलेलं, लाडू. ज्याच्याकडून आणलं त्याचं नाव-गाव सांगत नाही. तसे गल्लोगल्ली आहेत. त्यानं पिल्लू चाळीस दिवसांचं असल्याचं सांगितलं आणि एक निळं कार्ड हातात ठेवलं. इंजेक्शनाचं विचारलं तर म्हणाला, “काऊन टेन्शन घेऊन राहिले काका? पहिलं झालं आहे न!” कार्डावर पेनानं लिहिलेली एक तारीख होती. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर नाही, डॉक्टरची सही नाही, शिक्का नाही. मी पस्तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या जुळवून पाहिल्या, आणि इथं बिनसहीचा कागद खुशाल खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी मी लाडूला मिरवायला फुटाळ्यावर आणलं. नवव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. संध्याकाळी पिवळी उलटी, रात्री पातळ संडास, सकाळी त्यात रक्त. तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. डॉक्टरांनी टेबलावर घ्यायच्या आधीच ओळखलं : पार्व्हो. चार दिवस सलाईन चाललं. पाचव्या पहाटे लाडू गेला. नात आली तेव्हा घरात फक्त त्याची स्टीलची वाटी होती.

त्यानंतर मी शहाणा व्हायला बसलो. डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, काका, तुम्ही कॉलेजलाच नाव घाला. त्यातून जे कळलं ते सांगतो.

गाय व्यायली की आपण खरवसाची वाट बघतो. तसाच चीक कुत्रीलाही येतो आणि पिल्लाची पहिली लस तीच. आईच्या अंगातली रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं चिकातून पिल्लाच्या रक्तात उतरतात, तीही मुख्यतः जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात. पुढचे काही आठवडे पिल्लू त्या शिदोरीवर जगतं. आता गंमत बघा. हीच शिदोरी बाहेरून दिलेल्या लसीलाही शत्रू समजते आणि तिला निकामी करते. म्हणजे आईचं संरक्षण अंगात असेपर्यंत लस रुजत नाही. आणि ते संपतं कधी? कुणाचं सहाव्या आठवड्यात, कुणाचं दहाव्या, कुणाचं चौदाव्या. एकाच वेतातल्या दोन पिल्लांचंही सारखं नसतं. मधे काही दिवस तर असे येतात की आईचं उरलंसुरलं संरक्षण खऱ्या रोगाला थोपवायला पुरत नाही, पण लसीला हाणून पाडायला पुरतं.

आपण विदर्भातली माणसं, हे आपल्याला वेगळं समजवायला नको. पावसाचा अंदाज न घेता कापूस पेरला तर बियाणं वाया जातं, आणि वाट बघत बसलं तर हंगाम निघून जातो. शेतकऱ्याला दुबार पेरणीचा धसका असतो, कारण त्याचा पैसा जातो. पिल्लाच्या बाबतीत मात्र डॉक्टर जाणूनबुजून दुबार, तिबार पेरणी करतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. हे डोस एकावर एक चढवलेले मजले नव्हेत. प्रत्येक डोस म्हणजे तीच पेरणी नव्यानं, कुठली तरी रुजेल म्हणून. आणि त्यातली रुजण्याची सर्वांत जास्त शक्यता शेवटच्या पेरणीची, जी आपल्याकडे हमखास राहून जाते. ‘दोन झाली की, आता मोठा झाला तो.’

म्हणून ‘पहिलं झालंय’ हे उत्तर ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. ते खोटं असेलच असं नाही. पण पेरलं म्हणजे उगवलं असं कुठला शेतकरी म्हणतो?

लाडूचं तर पहिलंही झालं नसावं. आणि ‘चाळीस दिवसांचं’ हे सांगणाऱ्यानं बढाईनं सांगितलं, मी भक्तिभावानं ऐकलं. चाळीस दिवस म्हणजे धड सहा आठवडेही नाहीत. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला आता आहे.

पार्व्होचं थोडं जास्त सांगतो, कारण फुटाळ्याच्या गवतात मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. हा विषाणू शरीरात जिथं पेशी भराभर वाढतात तिथं घुसतो : आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. आतडं आतून सोललं जातं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवणं, अँटिबायोटिक आणि देवाचं नाव. लवकर नेलेली बरीच पिल्लं वाचतातही. पण आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू ढिगानं बाहेर पडतो, लक्षणं दिसायच्या आधीपासूनच पडतो, आणि सावलीतल्या ओलसर मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. बुटाच्या तळव्याला चिकटून घरात येतो. म्हणजे ‘आमचं पिल्लू बाहेर जातच नाही’ हेही काही कवच नाही. फिनाईलनं तो मरत नाही, सॅनिटायझरनंही नाही. लाडू गेल्यावर आमच्या घरात आठ दिवस फिनाईलचा घमघमाट होता, तो निव्वळ आमच्या मनाच्या समाधानासाठी. आधी घाण पूर्ण धुऊन काढायची आणि मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी असं द्रावण फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, “आमच्या आजोबांच्या वाड्यात मोती होता, पंधरा वर्षं जगला, त्याला कुठं होती इंजेक्शनं?” आमच्याही आजोबांचा मोती होता, नागपूरच्या महाल भागात. पण त्याच्या काळात पार्व्हो नव्हताच! हा रोग जगाला कळला १९७८ साली. मांजरांच्या अशाच एका विषाणूच्या भाऊबंदांतून तो निघाला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मोतीशी तुलना करायची तर नीट करू. आणि त्या मोतीसोबत जन्मलेल्या बाकी सात पिल्लांचं काय झालं, ते आमच्या घरात कुणीच सांगत नाही.

डिस्टेंपर मात्र मोतीच्याही आधीपासूनचा. गोवराच्या विषाणूचा हा चुलतभाऊ. आधी डोळ्यांत चिपडं, नाकातून शेंबूड, खोकला. आपण म्हणतो सर्दी झाली. मग काही आठवड्यांनी डोक्यात शिरतो : झटके येतात, एखादा पाय झोपेतही ठकठक उडत राहतो. त्यावर थेट औषध नाही. वाचलेलं कुत्रं कधी कधी तो उडता पाय जन्मभर वागवतं.

याबद्दल नागपूरकरांना एक जादा गोष्ट सांगायला हवी. आपण स्वतःला व्याघ्र राजधानी म्हणवतो. तुमच्यातल्या अनेकांचे फार्महाऊस पेंचच्या रस्त्यावर किंवा उमरेडकडे आहेत. राखणीला दोन-चार कुत्री असतात. त्यांना कुणी टोचलंय? डिस्टेंपर कुत्र्यांपुरता थांबत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगानं सिंहांची जवळपास एक तृतीयांश संख्या गेली आणि संशयाची सुई आसपासच्या खेड्यांतल्या कुत्र्यांकडे वळली. २०१८ मध्ये आपल्या गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला आणि सिंहांसाठी अमेरिकेतून लस मागवावी लागली. रविवारी सफारीचे फोटो टाकणाऱ्यांनी सोमवारी राखणीच्या कुत्र्याचं कार्ड काढायला हरकत नसावी.

लेप्टोचं सांगायला मला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाटच पुरे. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली, कितीतरी घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. त्या पाण्यात उंदीर-घुशींच्या बिळांतलं सगळं काही होतं. लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, कातडीवरच्या ओरखड्यातून किंवा नाका-तोंडातून आत जातो आणि यकृत-मूत्रपिंड धरतो. कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. आजारी कुत्र्याच्या लघवीतूनही पसरतो. हा भाग बहुतेक एकत्रित लसींत असतो, पण त्याचं संरक्षण साधारण वर्षभरच धरायचं, आणि पहिल्या वर्षी दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस झाले तरच. म्हणजे ‘आमचा आता सात वर्षांचा आहे, त्याला कशाला’ हे इथं चालत नाही. पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसींचं गणित वेगळं आहे. पहिला कोर्स पूर्ण आणि सहा महिने ते वर्षाच्या आतला एक डोस झाला की त्या पुढं तीन वर्षांनी दिल्या तरी चालतात, असं लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचं म्हणणं आहे. तुमचे डॉक्टर दरवर्षी देत असतील तर भांडू नका, विचारा.

आणि कृपा करून ‘एका सुईत किती लसी’ या आकड्यांच्या मागं लागू नका. ‘फाइव्ह-इन-वन, सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन’ हे मोबाईलच्या कॅमेऱ्यासारखं झालंय, जास्त ते भारी. त्यातला कोरोना (कुत्र्यांच्या आतड्याचा, आपल्या कोविडचा नव्हे) जागतिक संघटना शिफारशीतही धरत नाही. पाच नीट वेळेवर दिलेले नऊ चुकलेल्यांपेक्षा बरे. आणि गोचीडतापावर यातल्या कुठल्याही आकड्यात लस नाही, हेही लक्षात असू द्या. ‘सगळी इंजेक्शनं झालीत, मग ताप कसा?’ म्हणून गेल्या उन्हाळ्यात एक जण माझ्याशीच भांडला.

उन्हाळ्यावरून आठवलं. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, दुकानापासून सुईपर्यंत. आपल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत काय तापमान असतं, ते डिकीत कॅडबरी विसरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मेडिकलमधून लस आणायची, डिकीत टाकायची, चौकात ज्यूस प्यायचा आणि संध्याकाळी ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घ्यायची, असं करणारे आपल्यात आहेत. दोन-तीनशे रुपये वाचतात. आत गेलं ते लस की नुसतं पाणी, हे कळायला पार्व्हो यावा लागतो. फ्रीझरमध्येही ठेवायची नसते. रेबीजची लस गोठली की बाद. मी आता डॉक्टरांसमोर निर्लज्जपणे विचारतो, बाटली फ्रिजमधूनच काढली न? स्टिकर कार्डावर लावा, बॅच नंबर, मुदत दिसू द्या, सही करा. बँकेतली खोड आहे, ते हसतात, करतात.

रेबीजचं शेवटी लिहितोय ते कमी महत्त्वाचं म्हणून नव्हे. बाकी रोगांत कुत्रं जातं. यात माणूस जातो. एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. आपली पिवळी मारबत १८८५ पासून निघते म्हणतात. त्याच वर्षी ६ जुलैला पॅरिसात लुई पाश्चरनं पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचायला सुरुवात केली आणि पोरगा वाचला. एकशे चाळीस वर्षं झाली दोन्हींना. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणून मीही दरवर्षी घसा फोडतो, फोडणारच. पण मारबत बिचारी जागनाथ बुधवारीतून निघून इतवारी-महालातून फिरते, आपल्या कुत्र्याचं कार्ड तपासत नाही.

तीन महिन्यांचं झाल्यावर पिल्लाला रेबीजची लस, मग आपल्याकडे दरवर्षी. ‘घरचंच आहे, कुणाला चावणार?’ हे ऐकून घेऊ नका. घरच्या कुत्र्यालाही गेटबाहेरचं कुत्रं चावतंच. आणि लस झालेल्या घरच्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टर गाठायचा. हळद नाही, तिखट नाही, चुना नाही. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या आपल्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत सुया मिळतात, आणि पोटातल्या चौदा सुया केव्हाच इतिहासजमा झाल्या. आता दंडात घेतात.

गल्लीतल्या कुत्र्यांवरून तुमच्यात दोन तट आहेत, मला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्टमधल्या आदेशानंतर चहाच्या टपरीवर काय रणकंदन झालं तेही मी ऐकलं. मी त्यात पडत नाही. पण रेबीजची साखळी तुटायला शंभरातल्या सत्तरेक कुत्र्यांना लस असावी लागते, हे दोन्ही तटांना लागू आहे. गेटवरच्या ज्या कुत्र्याला तुम्ही रोज पारले-जी घालता, तो तुमच्या हातचं खातो म्हणजे तुम्ही त्याला धरूही शकता. वर्षातून एकदा तुमच्या कुत्र्याच्या अपॉइंटमेंटमध्ये त्यालाही बसवा. आमची भुरी अशीच गेटवरची. तिचं कार्ड मात्र आमच्या गल्लीत सर्वांत जाडजूड आहे.

आता मागणं काय ते. पिल्लाचा कोर्स पूर्ण होईपर्यंत त्याला फुटाळ्यावर आणाच, पण खाली ठेवू नका. कडेवर, टोपलीत, ओढणीत बांधून, कसंही. त्याला माणसं, हॉर्न, गाड्या दिसू-ऐकू द्या. त्या वयात ते फार गरजेचं असतं, घरात कोंडून वाढवलेलं पिल्लू पुढं भित्रं आणि चावरं निघतं. ज्यांच्या कुत्र्यांची लस पूर्ण आहे त्यांच्या अंगणात खुशाल खेळवा. ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च जड जातो त्यांनी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जावं. १९५८ पासूनचं कॉलेज आहे. आणि जनावरांचं अख्खं विद्यापीठ याच फुटाळा तलाव रस्त्यावर असताना आपण पंधरा-वीस शिकलेली माणसं ‘पहिलं झालंय’ वर माना डोलावतो, याची मला त्या पाटीसमोरून जाताना रोज लाज वाटते.

येत्या रविवारी कार्डं घेऊन या. मी भुरीचं आणतो. चहा माझ्याकडून.

आणि बदामी पिल्लाच्या दादा, तुझं नाव विचारायचं राहिलं, पिल्लाचंही. रागावू नकोस. मारबत यंदा २३ ऑगस्टला होती, म्हणजे सोळा आठवडे १३ डिसेंबरला भरतात. शनिवार आहे. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या चौकोनात ‘बदामी, शेवटचं’ असं लिहून ठेवलंय. १४ ला सकाळी फुटाळ्यावर थंडी असेल. त्याला स्वेटर घालून आण, आणि त्या दिवशी खाली ठेवू नकोस, अजून आठ-दहा दिवस थांब. मग मी माझ्या हातानं ठेवीन.

आपला,
भुरीचे काका

ता. क. लाडूचं निळं कार्ड अजून माझ्याकडे आहे. सही नसलेला कागद कसा दिसतो ते कुणाला बघायचं असेल तर रविवारी तेही आणतो.